इवल्या इंजिनाची घोडी

शीर्षक वाचून हा लेख पशुसंवर्धनावर असावा असा कुणाचा ग्रह झाला असेल, तर तो प्रथम दूर करतो. सुतार लाकूड कापताना ज्यावर टेकवतो तीही घोडीच, आणि शिडीला मागून टेकू देते तीही घोडीच. आमच्या काकाजींनी त्याच अर्थाने हा शब्द वापरला आणि तो टिकला. इंग्रजी पुस्तकांत जिला ‘टेस्ट स्टँड’ म्हणतात ती ही वस्तू. खेळण्यातल्या, म्हणजे खरोखर उडणाऱ्या लहान विमानाचे इंजिन जमिनीवरच घट्ट बांधून चालवून पाहण्याची बैठक. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असा प्रश्न आमच्या मराठीच्या सरांनी विचारला होता. त्याचे उत्तर माझ्या उजव्या तर्जनीवर आहे. तीन टाक्यांची खूण अजून दिसते.

ऊर्जानगरात राहणाऱ्यांना काकाजींसारखी माणसे नवीन नाहीत. वीज केंद्राचा पहिला २१० मेगावॅटचा संच १९८३ साली सुरू झाला, त्या सुमाराला ते टर्बाइन विभागात फिटर म्हणून लागले. तो संच आता बंद झाला आहे आणि काकाजीही निवृत्त झाले आहेत. त्याआधी नागपूरला शिकत असताना ते एनसीसीच्या हवाई शाखेत होते. हवाई शाखेच्या छात्रांना विमानाच्या प्रतिकृती तयार करून उडवायला शिकवतात. तारेच्या टोकाला बांधून आपल्याभोवती गरगर फिरवायची विमाने त्यांनी तेव्हा उडवली. त्या दिवसांची एकच वस्तू त्यांच्या ट्रंकेत उरली होती. तेलकट फडक्यात गुंडाळलेले, मुठीत मावणारे १.३ घनसेंटिमीटरचे एक इंजिन. इंग्लंडमध्ये १९४६ साली ‘मिल्स’ नावाचे एक छोटे डिझेल इंजिन निघाले आणि पुढे कलकत्त्याला त्याच धर्तीवर इंजिने होऊ लागली. त्यांपैकी हे एक.

हे इंजिन मिनिटाला ९,००० फेरे मारते, असे काकाजी नेहमी सांगत. “काकाजी, तुम्ही मोजलं होतं का?” असे मी एकदा विचारले. “मोजाले कशाले पाहिजे? कानाले समजते ना!” हे त्यांचे उत्तर. तिथून वादाला तोंड फुटले. या वयातली माणसे आपल्या तरुणपणीच्या वस्तूंना जरा जास्तच वेग देतात, असे माझे मत होते आणि मी ते बोलून दाखवले. तेव्हा ते इंजिन चालवून पाहणे क्रमप्राप्तच झाले.

पहिला प्रयत्न आम्ही, खरे तर मी एकट्याने, केला. काकाजी चंद्रपूरला गेले होते. मी इंजिन एका फळीच्या तुकड्याला दोन स्क्रूंनी ठोकले, फळी अंगणातल्या पाट्यावर ठेवून पायाने दाबली आणि पंखा बोटाने फिरवला. विसाव्या का तिसाव्या झटक्याला इंजिन सुरू झाले. तो आवाज ऐकून जो आनंद झाला, त्या आनंदातच मी इंधनाची सुई फिरवायला पंख्याच्या वरून हात नेला. त्याच क्षणी कंपनाने एक स्क्रू निघाला, फळी वळली आणि पुढचे मला नीट आठवत नाही. फिरता पंखा डोळ्यांना दिसत नाही, दिसते ती फक्त एक धूसर तबकडी, आणि माणूस तिला रिकामी जागा समजतो. त्या सत्राच्या अंतर्गत परीक्षेत माझे पेपर एका अकरावीच्या मुलाने लिहिले. मी सांगायचो आणि तो ऱ्हस्व-दीर्घ आपल्या मर्जीने घालायचा.

आईने इंजिन पुन्हा ट्रंकेत टाकले आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. काकाजींनी पंधरा दिवस मध्यस्थी केली. शेवटी अट ठरली ती अशी की, हात पंख्याच्या पुढे किंवा बाजूला जाण्याची गरजच पडणार नाही अशी बैठक आधी करायची आणि आईने ती पाहून पास करायची. तेव्हा घोडीचा पहिला आराखडा सुरक्षिततेच्या पोटी जन्मला, मोजमापाच्या हौसेतून नव्हे.

आता रचना सांगतो. बल्लारपूरच्या लाकडाच्या वखारींमुळे आपल्याकडे सागवानाचे तुकडे अजून मिळतात. इंचभर जाडीची, हातभर लांबीची एक फळी पाया म्हणून घेतली. तिच्यावर दोन जाड पट्ट्या समांतर बसवल्या आणि मधे इंजिनाचे पोट मावेल एवढी फट ठेवली. इंजिनाला दोन्ही बाजूंना कान असतात. ते या पट्ट्यांवर टेकतात आणि ३ मिलिमीटरचे चार बोल्ट आरपार जाऊन खालून नट बसतात. नटाखाली स्प्रिंगचा वायसर हवाच. माझा पहिला स्क्रू का निघाला, याचे उत्तर त्या दोन पैशांच्या वायसरात होते. लाकडात रुतलेला स्क्रू कंपनाने सैल होतो, तर आरपार बोल्ट आणि स्प्रिंगचा वायसर धरून ठेवतात. हा पाया दोन मोठ्या क्लॅम्पांनी जड टेबलाला आवळायचा. टेबल हलत असेल तर त्याच्या खालच्या आडव्या पट्टीवर दोन विटा ठेवायच्या.

इंधनाची टाकी इंजिनाच्या मागे, तिच्यातल्या तेलाची पातळी सुईच्या नळीच्या पातळीला किंवा पाव इंच खाली. वर ठेवली तर इंजिन बंद असतानाही तेल आत झिरपते आणि पुढचा झटका अडकतो. फार खाली ठेवली तर इंजिन उपाशी राहते. सुईच्या टोकाला जाड तार झाळून ती वीतभर मागे आणली. आईची अट इथे पुरी झाली, कारण यापुढे सुई फिरवायला पंख्याच्या मागे उभे राहिले की पुरते. पंखा फिरवायलाही बोट नको. रबराची नळी चढवलेली एक काठी घ्यावी. परदेशात हिला चेष्टेने ‘भित्र्याची काठी’ म्हणतात. आम्ही भित्रे आहोत, हे मी या अंकाद्वारे जाहीर करतो. पंखा तुटला तर त्याचा तुकडा पंख्याच्या पातळीतच, म्हणजे बाजूला उडतो. म्हणून त्या रेषेत कुणी उभे राहायचे नाही. ओढणी, मफलर, ओळखपत्राची दोरी यांपैकी काहीही अंगावर लोंबत नको. “पंख्याच्या रेषेत काऊन उभा राह्यतं बे? मांगं ये,” हे काकाजींचे वाक्य मी आता झोपेतही म्हणू शकतो.

ऊर्जानगरची म्हणून एक खास अडचण होती. या इंजिनाला हवा गाळायची जाळी नसते. सरळ तोंड उघडे. आणि आपल्या अंगणात काय असते, हे वाचकांना सांगायला नको. सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी पुन्हा करडी होते. ही राख दिसायला मऊ, पण तिच्यात सिलिका आणि ॲल्युमिना असते. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्या मधली फट केसापेक्षा कितीतरी बारीक. तिथे ही राख गेली की ती पॉलिश पेपरचे काम करते. म्हणून घोडी कंबरेच्या उंचीवर ठेवली आणि चाचणीआधी अंगणात चांगला सडा घातला. आईने रांगोळीचे विचारले, ते मी मनावर घेतले नाही.

इंजिन कसे चालते, हे थोडक्यात. या डिझेलला ठिणगीची तार नाही, बॅटरी नाही. इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचे साधारण समसमान मिश्रण. दट्ट्या वर येताना मिश्रण दाबले जाते, तापते आणि ईथर पेट घेते. ईथर फार कमी तापमानाला, सुमारे १६० अंश सेल्सिअसला आपोआप पेटते, तेच इथे कामाला येते. सिलिंडरच्या डोक्यावरचा स्क्रू फिरवून दाब कमीजास्त करता येतो. रॉकेल ताकद देते आणि एरंडेल वंगण पुरवते. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांत एरंडेलच असे आणि त्याचा धूर पोटात जाऊन वैमानिकांचे जे हाल होत, त्याची वर्णने वाचायला मिळतात. आपल्या आज्यांना ते सांगण्याची गरज पडली नसती.

दुसऱ्या जातीच्या इंजिनांत प्लॅटिनमच्या तारेचे छोटे वेटोळे असते, ते दीड व्होल्टच्या सेलने लाल करतात. मेथॅनॉलच्या वाफेशी प्लॅटिनमचा संयोग आला की ते वेटोळे सेल काढल्यावरही लाल राहते. अमेरिकेत १९४७ च्या सुमारास ही युक्ती बाजारात आली आणि डिझेल मागे पडले. आमच्याकडे ते इंजिन नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या शेगडीपाशी पेट घेऊन मागे धावत येऊ शकते. उघड्या बाटलीत बरेच दिवस राहिले तर त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. मेथॅनॉल पोटात गेले तर डोळे जातात आणि जीवही जातो. या वस्तू घरात साठवायच्या नाहीत. लागेल तेवढ्याच, जबाबदार माणसाच्या हातून आणि उघड्यावरच वापरायच्या.

इथवर घोडी झाली, पण वाद मिटला नव्हता. इंजिन आता सुरक्षितपणे गर्जत होते. काकाजी म्हणत ९,००० आणि मी म्हणत होतो ६,०००. दोघांकडेही कानाशिवाय पुरावा नव्हता. मोजमाप मागे राहिले नाही की पुढच्यांनी काय समजावे, याचे आपल्या मराठी मुलुखात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. परंतु यंत्राचे वजन किती, ओढ किती, फेरे किती, याचा एकही विश्वासार्ह आकडा उपलब्ध नाही. म्हणून मानणारे मानतात, न मानणारे मानत नाहीत आणि शंभर-सव्वाशे वर्षे तीच चर्चा चालू आहे. याउलट राइट बंधूंचे पाहा. १९०३ च्या फेब्रुवारीत त्यांचे पहिले इंजिन डेटनच्या कार्यशाळेत जमिनीवरच चालवून पाहिले जात असताना फुटले. बेअरिंगवर पेट्रोल ठिबकले, ते जाम झाले आणि धड तडकले. नवे ओतकाम करून घ्यावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात ते उडाले. फुटायचे ते फेब्रुवारीत, जमिनीवर आणि नोंदवहीच्या शेजारी फुटले, ही गोष्ट मला त्या उड्डाणाइतकीच मोठी वाटते.

आता फेरे मोजायचे कसे? दुकानात त्याचे यंत्र मिळते. पण आम्हाला ते घ्यावे लागले नाही, कारण मोजमापाचे यंत्र रस्त्यापलीकडेच उभे होते आणि त्याची एक तार आमच्या घरापर्यंत आली होती. ही सूचना काकाजींची. या लेखात माझे म्हणावे असे फार थोडे आहे.

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. दर आवर्तनात प्रवाह एकदा इकडे, एकदा तिकडे वाढतो. म्हणून जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. आपल्याला ते कळत नाही, पण फिरत्या वस्तूला कळते. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. म्हणजे ट्यूबच्या दोन उजेडांमध्ये पंखा बरोबर अर्धा फेरा फिरतो. एका पात्याच्या जागी दुसरे पाते येते आणि पंखा थांबल्यासारखा दिसतो! ६,००० ला पूर्ण फेरा, ९,००० ला दीड, १२,००० ला दोन फेरे. या प्रत्येक वेगाला दोन पाती स्थिर दिसतात. मधल्या ४,५००, ७,५०० आणि १०,५०० या वेगांना पाव फेऱ्याचा फरक पडतो, म्हणून दोनाऐवजी चार पाती, म्हणजे एक फुली दिसते. ६,००० आणि ९,००० यांत गोंधळ होऊ नये म्हणून एका पात्याच्या टोकाला पांढरा रंग लावायचा. ६,००० ला पांढरे टोक एकाच बाजूला दिसते, ९,००० ला दोन्ही बाजूंना.

याला ट्यूब जुन्या चोकचीच लागते. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब आणि चांगला एलईडी दिवा असे लुकलुकत नाहीत. आम्ही माळ्यावरून जुनी पट्टी काढली, अंगणाच्या भिंतीला टांगली आणि दिवेलागणीला प्रयोग मांडला. दिवेलागणीलाच, कारण उन्हात ट्यूबचा परिणाम दिसत नाही. आणि अंगणातच, कारण मोकळ्या मैदानावर अंधार पडल्यावर जाण्याचे दिवस आता राहिले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला, त्यानंतर आमच्याकडे संध्याकाळचे नियम बदलले.

ही ट्यूब किती विश्वासाची? केंद्रातला टर्बाइनचा दांडा मिनिटाला ३,००० फेरे फिरतो, म्हणून वीज ५० आवर्तनांची येते. काकाजींच्या उमेदीत मागणी वाढली की हा आकडा ४९ च्याही खाली घसरे. तेव्हा ट्यूबने मोजले असते, तर उत्तर शेकडा दोन-तीनने चुकले असते. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेकडचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि सबंध भारताची वीज एकाच तालावर आली. आता हा ताल ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राखण्याचा नियम आहे. म्हणजे चूक हजारात दोन. आमच्या भिंतीवरची ट्यूब आणि कन्याकुमारीची ट्यूब एकाच तालावर मालवतात आणि उजळतात, असे मी आईला सांगितले. ती म्हणाली, मग बिल तेवढे त्यांना पाठव.

काकाजींनी इंजिनाला आठ इंची पंखा लावला. इंजिन सुरू झाले, दाबाचा स्क्रू हळूहळू आवळला, सुई जागेवर आणली. धूसर तबकडीत आधी सहा-आठ पात्यांचे काहीतरी भराभर फिरताना दिसले, मग ते मंदावले आणि ट्यूबच्या उजेडात एक स्वच्छ फुली उभी राहिली. चार पाती, जागच्या जागी. ७,५००! ते ९,००० नव्हते आणि माझे ६,००० ही नव्हते. काकाजी काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. फुली तशीच होती.

मग ती सरकू लागली. आधी अगदी सावकाश, पंख्याच्या उलट दिशेने. ही फुली उलट दिशेने सेकंदाला एक पूर्ण गिरकी घेत असेल, तर इंजिनाचे ६० फेरे कमी झाले. दोन सेकंदांना एक गिरकी असेल, तर ३०. सात-साडेसात हजारांत तीस फेऱ्यांचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो, हे मला खरेच वाटेना. गरम झाल्यावर इंजिन थकत होते. कानाला मात्र आवाज तोच वाटत होता. दट्ट्या झिजला की गरम झाल्यावर दाब गळतो, हे काकाजींना ठाऊक होते. आपले इंजिन झिजले आहे, हे ठाऊक नव्हते. ते त्यांनी फुलीकडे पाहत स्वतःच सांगितले.

आमच्या वर्गातला एक मित्र हार्मोनियम वाजवतो. त्याने दुसरा मार्ग सुचवला. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक स्फोट, म्हणजे फेरे आणि स्वर एकच. मधल्या सप्तकाच्या खालच्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे सेकंदाला सुमारे १३१ कंपने. तिला ६० ने गुणले की मिनिटाला ७,८५० फेरे. आमचे इंजिन त्याच्या पेटीवर पांढरी एकच्या किंचित खाली लागले. कोमल-तीव्रच्या भानगडीत तो बराच वेळ रमला, पण उत्तर ट्यूबच्या जवळच आले. फक्त सप्तक ओळखताना चूक झाली तर आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो. दोन पाती असल्याने पंख्याचा स्वतःचा आवाजही वरच्या सप्तकात वाजतो, तो कानाला फसवतो.

फेरे कळले, पण ताकद? नुसते फेरे मोजून ताकद कळत नाही. यासाठी घोडी दुसऱ्यांदा बांधली. सायकलच्या पुढच्या चाकाचा जुना हब घेतला. त्याचा आस मागच्या उभ्या फळीत पक्का केला आणि हबच्या तोंडावर इंजिनाची बैठक अशी बसवली की इंजिनाचा दांडा आणि हबचा आस एका रेषेत येतील. आता इंजिन पंख्याला एका बाजूला फिरवू पाहते, तेव्हा तेवढ्याच जोराने स्वतः दुसऱ्या बाजूला फिरू पाहते. न्यूटनचा तिसरा नियम आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केला आहे. तो इथे हाताला लागतो. बैठकीतून बाजूला २० सेंटिमीटरची दांडी काढली. मागून पाहता उजवीकडची दांडी वर उचलली जाते. तिच्या टोकाला पारडे लावून वजने टाकत जायची, दांडी पुन्हा आडवी होईपर्यंत. वर-खाली अडसर ठेवायचे, नाहीतर इंजिन कोलांटी घेईल.

पहिली दांडी आम्ही पत्र्याच्या पट्टीची केली होती. पंख्याचा वारा तिच्यावर आदळून आकडे वाटेल तसे येत. मग तिच्या जागी सायकलचे दोन आरे बांधले. टाकी आसाच्या जवळ आणली, कारण लांब ठेवली तर तेल संपत जाईल तसा तोल बदलतो. इंजिन बंद असताना दांडी आधी आडवी करून घ्यायची, हे पहिल्या संध्याकाळी आम्ही विसरलो आणि सगळे आकडे फेकून द्यावे लागले.

आठ इंची पंख्याला ७,५०० फेरे असताना पारड्यात ४० ग्रॅम लागले. ४० ग्रॅमचा भार, २० सेंटिमीटरचे अंतर आणि सेकंदाला १२५ फेरे यांचा गुणाकार योग्य एककांत केला की ताकद येते सुमारे ६१ वॅट. म्हणजे जुना पिवळा साठचा बल्ब जेमतेम पेटेल एवढी. केंद्रातला ५०० मेगावॅटचा एक संच म्हणजे अशी ऐंशी लाखांहून अधिक इंजिने. काकाजींनी हा हिशोब दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा हसले.

मग त्यांनी ट्रंकेतून, त्याच तेलकट फडक्यातून, आणखी एक पंखा काढला. लाकडी, सात इंची, एका टोकाला टवका गेलेला. टवका गेलेला पंखा लावायचा नाही, हे त्यांनीच शिकवलेले. म्हणून त्याच मापाचा नवा मागवला आणि आठवडाभराने चाचणी घेतली. लहान पंखा हलका पडतो, इंजिन मोकळे धावते. फुली दिसली, ती पुढे सरकत सरकत विरली, आणि मग ट्यूबच्या उजेडात दोनच पाती उभी राहिली. पांढरे टोक दोन्ही बाजूंना. ९,०००. पारड्यात ३३ ग्रॅम, म्हणजे पुन्हा सुमारे ६१ वॅट. ताकद तीच, फक्त पंखा वेगळा.

“मी सात इंचीच लावत होतो तवा,” काकाजी म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वीचा त्यांचा कान खरा होता. मी जो प्रश्न विचारायला हवा होता, तो ‘किती फेरे’ हा नव्हता. ‘कोणत्या पंख्याला’ हे विचारायला हवे होते. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही कोण जाणे, कारण दोन मिनिटे होत आली होती आणि पाती पुन्हा उलटी सरकू लागली होती. ते घड्याळ पाहून मला आकडे सांगत होते.

ते इंजिन आता विमानात बसवायचे नाही, असे त्यांनी ठरवले आहे. नाहीतरी वीज केंद्राच्या परिसरात काही उडवण्याचा प्रश्नच येत नाही. दट्ट्याचे काम एखाद्या लेथवाल्याकडून होईल का, याची चौकशी चालू आहे. तोवर दर रविवारी दिवेलागणीला घोडीवर एकदा चालते आणि वहीत थंड असतानाचे आणि दोन मिनिटांनंतरचे असे दोन आकडे पडतात. मागच्या रविवारी फरक २१० फेऱ्यांचा होता. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी यावे, फक्त ओढणी आणि मफलर घरी ठेवून यावे आणि पंख्याच्या मागे उभे राहावे.